पालथी अन्नपूर्णा

आमच्या घरात आधी हात चालायचा, तोंड मागून यायचं. वडिलांचा हात सगळ्यांत जड. देवगाव रंगारीला शेतात बैल अडला तर बैलाला, भाऊ अडला तर भावाला, आणि दोघंही सरळ वागत असले तर मधे आली म्हणून मला. आईच्या हातात असेल ते अंगावर यायचं. फुंकणी, उलथणं, एकदा तर अर्धी थापलेली भाकरी आली होती. मीही काही गरीब गाय नव्हते. मी चावायचे. भावाच्या मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे. कुणी विचारलं की तो लहानपणी कुत्रं चावलं म्हणून सांगतो.

भाऊ माझ्याहून मोठा. तो वाळूजच्या एका छपाईच्या कंपनीत मशीनवर लागला आणि त्यानं बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या. आई त्याला करून घालायला आली, वडील गावी शेतापाशी राहिले. माझी बी.एस्सी. झाल्यावर त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे, आणि कारखान्यात आमच्यासारख्या पोरी अगदीच थोड्या. भाऊ पहिल्याच दिवशी गेटवर चारचौघांना ऐकू जाईल असं बोलला, "माझी बहीण हाय. तिला हात लावायचा तर मीच लावीन, दुसऱ्या कुणी नाय." त्याला वाटलं त्यानं माझा मान वाढवला.

आमची कंपनी खाण्याच्या वस्तूंची पाकिटं छापायची. बिस्किटं, फरसाण, पिठं, मसाले. माझं काम शाई तपासायचं. लोकांना वाटतं पाकीट म्हणजे पाकीट, फाडलं आणि टाकलं. पण त्यावरच्या शाईला नियम असतात आणि ते मला तोंडपाठ होते. शिसं असलेले रंग चालत नाहीत. शाई पातळ करायला टोल्युइन नावाचं थिनर चालत नाही. तेव्हा ती मोठ्या गिऱ्हाइकांची अट होती, पुढं सरकारी नियमातही आली. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे शाई खाण्याला टेकता कामा नये. म्हणून पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला उलटं छापतात आणि त्यावर दुसरी फिल्म चिकटवतात. शाई दोन फिल्मच्या मधे अडकून राहते. बाहेरून बघणाऱ्याला चित्र सुलटं दिसतं, आत खाणं कोऱ्या फिल्मला टेकतं.

वासाची तपासणी माझ्याकडं होती. छापलेल्या फिल्मचे तुकडे काचेच्या बरणीत घालायचे, झाकण लावून बरणी भट्टीत गरम करायची आणि उघडून नाक घालायचं. थिनर उरलेलं असलं की झिणझिण्या यायच्या. मशीनवरचे लोक मला 'नाकाचा पगार खाणारी' म्हणायचे. मी त्यांना म्हणायचे, तुमच्यापैकी कितीजण डोक्याचा खातात ते सांगा.

एकदा दुसऱ्या मशीनवरच्या माणसानं घाई होती म्हणून शाईत टोल्युइन ओतलं. त्यानं शाई चटकन वाळते, मशीन पळतं, माल निघतो. माझ्या बरणीनं ते पकडलं. मी मशीन बंद करायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, मी जाऊन लाल बटण दाबलं. शाईचा दाटपणा मोजायचा एक लोखंडी पेला असतो. तो त्यानं माझ्या तोंडावर मारला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं तरी मी बटणावरचा हात काढला नाही. तेवढ्यात भाऊ आपलं मशीन सोडून आला आणि त्यानं हातातल्या पान्यानं त्या माणसाचं खांद्याचं हाड मोडलं. मग रंगाचे डबे सांडले, चारदोनजण एकमेकांवर पडले, सगळे लाल-निळे झाले. कोण रक्तानं लाल आणि कोण शाईनं, ते पाणी मारल्यावर कळलं. भावाला कामावरून काढणारच होते. पण त्या माणसानंच आधी टोल्युइन घातलं होतं, म्हणून दोघांनाही समज देऊन सोडलं. माझी भुवई अजून मधूनच तुटलेली आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

भावाला मात्र शाईचं फारसं काही नव्हतं. बहिणीवर हात उचलला, एवढंच त्याला दिसलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा फर्दापूरचा. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांचं जेवणाचं छोटं हॉटेल होतं. माणसं चांगली वाटली. सासूनं बघायला आल्यावर माझी भुवई बघितली आणि विचारलं, "भांडकुदळ हाय का गं?" मी म्हणाले, "व्हय." ती हसली आणि तिथंच पसंत करून मोकळी झाली. आई दारामागं कपाळाला हात लावून बसली होती.

लग्न ठरलं म्हणजे रुखवत आलं. आमच्याकडं रुखवतात कुरडया हव्यातच, आणि त्याही रंगीत. मांडवात सगळ्या गावासमोर मांडायच्या. कुरडई पांढरीफटक असेल तर व्याही हसतात, तुटकी असेल तर पोरीला वळण नाही म्हणतात. आईनं गहू भिजत घातले, चीक काढला, शेजारणी बोलावल्या. आता कुरडया वाळत घालायच्या कशावर, तर बजाजनगरात त्याचं उत्तर ठरलेलं होतं. कंपन्यांत छापताना बिघडलेली फिल्म टाकून देतात. ती कामगार घरी आणायचे. कुणी छपराला बांधायचं, कुणी पावसात सायकलवर घालायचं, आणि चैत्रात ती गच्चीगच्चीवर अंथरलेली असायची. जुन्या धोतराला कुरडई चिकटते, फिल्मवरून अलगद सुटते. एकाही बाईला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी त्याच कंपनीत नाकाचा पगार खात होते, पण सकाळी जायचे ती संध्याकाळी यायचे आणि गच्चीवर कुणी काय अंथरलं ते बघायला वर जायचे नाही.

त्या दिवशी पहिल्या पाळीवरून आले, ऊन अजून होतं. आईनं वरून हाक मारली, बघ गं कशा झाल्यात. मी वर गेले. गच्चीभर कुरडया, पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या, एका आकाराच्या. पहिल्यांदा मला आईचं कौतुकच वाटलं. मग मी एक कुरडई उचलली. खालच्या बाजूला निळसर झाक होती. आईनं लाल रंग घातला होता आणि हिरवा घातला होता, निळा तर घातलाच नव्हता.

खाली फिल्मकडं बघितलं. राजगिऱ्याच्या पिठाचं पाकीट. भावाच्याच मशीनवर ते बिघडलं होतं, त्यावरच्या चित्रातल्या अन्नपूर्णेचं कुंकू घसरून नाकावर आलं होतं. वरची दुसरी फिल्म लागायच्या आधीच ते काढून टाकलेलं. म्हणजे शाई उघडी. आणि त्या फिल्मवरची देवी आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. तिची पळी डाव्या हातात होती. अक्षरंही उलटी. मी बोटाला थुंकी लावून घासलं. बोट निळं झालं.

"आई, ही पालथी का घातली?"

"मग काय देवीच्या तोंडावर चीक घालू?" आई म्हणाली. "अन्नपूर्णा हाय ती. पाप लागंल. म्हणून तोंड खाली केलं."

शेजारणींनी माना डोलावल्या. सगळ्यांनी तसंच केलं होतं. नुसत्या फुलांची-पानांची फिल्म असती तर कुणी उलथीपालथी बघितलीच नसती. देवीचा मान राखायचा म्हणून तिला तोंडावर पाडली आणि छापलेली उघडी बाजू वर आली. त्यावर कढत चीक घातला, वर चैत्राचं ऊन. माझी काचेची बरणी आणि भट्टी याहून वेगळं काय करत होती? फक्त इथं बरणीत नाक घालायचं नव्हतं, तोंड घालायचं होतं.

मी सांगितलं, ह्या कुरडया टाकून द्यायच्या. आईला ते खरंच वाटेना. तिला वाटलं मला रंग आवडला नाही. तेवढ्यात भाऊ वर आला. मी त्याला म्हणाले, तुला तर कळतं, तू सांग तिला. तो म्हणाला, "काय सांगू? शाईच्या डब्यावर लिव्हलंय ना, खाण्याच्या पाकिटासाठी म्हणून? मग खाण्याचीच शाई हाय ती."

"पाकिटासाठी लिहिलंय. पोटासाठी नाय."

"तुझं लई झालं. नियम कंपनीत. इथं आई दोन दिवस उन्हात मरतीय."

तो खरंच तसं समजत होता की शेजारणींपुढं माघार घ्यायची नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. ह्या कुरडया फर्दापूरला जाणार, मांडवात मिरवणार, नंतर त्या घरातली माणसं तळून खाणार, सासूची नातवंडं खाणार, आणि मी सून म्हणून त्यांना वाढणार. बोलण्यात अर्थ नव्हता. मी फिल्मचं टोक धरलं आणि ओढलं. कुरडया उडाल्या, गच्चीच्या कडेवरून खाली गल्लीत पडल्या. उरलेल्या मी पायानं लोटल्या. आई किंचाळली. भावानं माझ्या कानाखाली मारली. मी त्याच्या छातीत डोकं घातलं. त्यानं माझा डावा हात धरून मागं पिरगाळला आणि मी चावायला वळले तसा कडकन आवाज आला. दोघांनाही ऐकू आला. तो हात सोडून उभा राहिला. मी मात्र थांबले नाही, त्या मोडक्या हातानिशी आणखी एक रांग लोटली. मग घेरी आली.

हात कोपराखाली मोडला होता. प्लास्टर घालून आले तेव्हा गच्ची झाडून लख्ख होती. आई म्हणाली, "दुसऱ्या केल्या बाई. धोतरावर घातल्या. आता गप बस." मी तिच्यावर विश्वास ठेवला. तेवढा एक दिवस तिचा चेहरा इतका थकलेला होता की मला भांडावंसं वाटलं नाही. भाऊ आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. व्याह्यांना जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं. बांगडीवाल्यानं हिरवा चुडा एकाच हातात भरला. दुसऱ्या हातावरचं प्लास्टर आईनं पिवळ्या ब्लाउजच्या बाहीखाली झाकलं, आणि बायका कुजबुजल्या की बाई, एका हाताची नवरी. मला त्यांना एक-एक थोबाडीत द्यावी वाटत होती, पण हळद ओली होती.

मांडवात रुखवत मांडलं. कुरडयांची परडी मधोमध होती, वर कुंकवाचं बोट. लांबून मी ती बघितली आणि मान खाली घातली.

लग्नानंतर मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून भाऊ आला. नवीन सोयरा, त्यामुळं थाट. ओसरीवर पंगत मांडली. भाऊ पाटावर पहिला, शेजारी सासरे, नवरा, चुलत सासरे, पुढं दिराची पोरं ओळीनं. आमच्याकडं पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात घालत नाही. हाताला प्लास्टर म्हणून सासूनं मला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. तिनं स्वतः सगळ्यांना तळलेला एक घाणा वाढला आणि दुसरी परडी माझ्या हातात दिली.

"जा, तुझ्या भावाला आणखी वाढ. तुमच्याच घरच्या कुरडया. रंग बघ कसा नाजूक घातलाय तुझ्या आईनं."

अंधाऱ्या स्वयंपाकघरातून उंबऱ्याबाहेर आले, परडीवर ऊन पडलं. कुरडया तेलात फुलून चौपट झाल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तो निळाही फुलला होता. तो निळा मी रोज बघत होते. देवीच्या साडीचे काठ त्या निळ्यानं छापायचो.

म्हणजे आईनं दुसऱ्या केल्याच नव्हत्या. गल्लीतून त्याच वेचल्या होत्या, झटकल्या होत्या आणि डब्यात भरल्या होत्या. मी भावाकडं बघितलं. त्याच्या हातात कुरडई होती, तुकडा मोडलेला, तोंडापाशी आलेला. तोही माझ्याकडंच बघत होता. माझ्या प्लास्टरकडं, मग परडीकडं. सगळी पंगत त्याच्या घासाची वाट बघत होती. धाकटा पुतण्या तर कुरडई हातात धरून तयारच होता.

मी तोंड उघडणार, तोच तो उठला. आपलं ताट त्यानं लाथेनं उडवलं. मग ओळीनं चालत गेला आणि पोरांची ताटं पालथी केली, हातातल्या कुरडया हिसकून पायाखाली चुरल्या, सासऱ्यांच्या ताटावर पाय दिला. वरण सासऱ्यांच्या धोतरावर, भात पोरांच्या अंगावर. पोरं रडायला लागली. मग चुलत सासऱ्यांनी त्याची गचांडी धरली, "माजला का रं? अन्नाला लाथ मारतो?" आणि सगळे तुटून पडले. माझा नवराही. बुक्क्या, लाथा, पाटसुद्धा. ओठ फाटला, नाकातून रक्त आलं.

आणि माझ्या भावानं हात पाठीमागं बांधून घेतले होते.

ते हात मला माहीत होते. त्यांनी एका माणसाचा खांदा मोडला होता, माझा हात मोडला होता. ते आता एकमेकांना घट्ट धरून पाठीमागं होते. तो नुसता मार खात होता. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती.

मी परडी उकिरड्यावर भिरकावली आणि ओरडले. माझ्या आवाजानं ते थांबले असतील, नाहीतर दमून थांबले असतील. मी एका दमात सगळं सांगितलं. फिल्म, शाई, देवी, आईचं पाप, माझा हात जिन्यावरून पडून मोडला नाही हे सुद्धा. सासूनं खाली पडलेला एक तुकडा उचलला. अंगठ्यानं चोळला, उन्हात धरला. तळहाताला निळसर तेल लागलं होतं. मग ती पोरांच्या तोंडात बोटं घालून बघत सुटली. कुणाच्याही पोटात गेलं नव्हतं.

पोरांची तोंडं धुऊन झाल्यावर ती भावापुढं उभी राहिली. "मेल्या, हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

तो फाटल्या ओठानं म्हणाला, "आमच्या घरात आधी हात चालतोय, आत्या. तोंड मागनं येतं."

तिनं त्याच्या ओठाला हळद लावली. जरा जोरातच लावली. सासरे मात्र पुढं वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत आणि मला त्यात त्यांची काही चूक वाटत नाही. नवऱ्याला मी त्या बुक्क्यांबद्दल आजही सुनावते.

आम्ही दोघं दुपारच्या एसटीनं निघालो. तो खिडकीशी, मी बाजूला, मधे माझं प्लास्टर. अजिंठ्याचा घाट चढून गाडी वर आली. मग मी चांगल्या हातानं त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. बांगड्या खळकल्या, एक फुटली. त्यानं गाल चोळला आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

तसाच बाहेर बघत म्हणाला, "देवी सरळ ठिवली असती, तर चाललं असतं?"

"नाय."

"का?"

मी त्याच्याकडं बघितलं. टोमणा असेल असं वाटलं होतं. पण तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडं वळून बसला होता आणि उत्तराची वाट बघत होता. आमच्या घरात 'का' असं कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

मी सांगायला लागले. रोल गुंडाळला की छापलेली बाजू कोऱ्या बाजूला टेकून राहते, दाबानं शाई तिकडं उतरते, डोळ्याला दिसत नाही पण उतरते, म्हणून कोरी दिसणारी बाजूही कोरी नसते. तो मधूनच म्हणायचा, "थांब, हे परत सांग." मी परत सांगायचे. फुलंब्री येईपर्यंत मी बोलत होते आणि तो ऐकत होता.